बाजारात सांडा दिसला तर: ओळख, कायदा आणि पुढची कृती

सांडा हा काटेरी शेपटीचा, सरड्याच्या जातीचा वाळवंटी प्राणी; त्याच्या चरबीचे तेल औषध म्हणून विकले जाते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत तो निसर्गतः राहत नाही. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचा सगळा विचार सोपा होतो. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत आणि जालन्यापासून धाराशिवपर्यंत, कुठल्याही आठवडी बाजारात, जत्रेत किंवा बसस्थानकाबाहेरच्या फुटपाथवर पोत्यावर मांडलेला जिवंत सांडा दिसला, तर तो शेकडो किलोमीटरवरच्या वाळवंटी मैदानातून खणून काढून येथवर आणलेला असतो. 'आमच्याच शेतात सापडला', 'डोंगरातून आणला', 'पाळलेला आहे' या तिन्ही सबबी त्यामुळे टिकत नाहीत. आपल्या भागातल्या घोरपडीच्या किंवा सापाच्या बाबतीत तो प्राणी तिथे आपोआप आला की कोणी आणला, असा प्रश्न निर्माण होऊ शकतो. सांड्याच्या बाबतीत तो निर्माणच होत नाही. सांडा समोर दिसणे हाच गुन्हा घडल्याचा पहिला पुरावा असतो. म्हणून सामान्य नागरिकाने तो ओळखायला शिकावे आणि ओळखल्यावर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे. त्या वेळी विचार करत बसायला फुरसत नसते. विक्रेता तासा-दोन तासांत पथारी गुंडाळून पुढच्या गावाला निघालेला असतो.

हा प्राणी मुळात कुठला

सांडा हा राजस्थानचे थर वाळवंट, गुजरातमधील कच्छ आणि त्याला लागून असलेल्या पाकिस्तानच्या कोरड्या पट्ट्याचा रहिवासी आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'सारा हार्डविकी' असे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक थॉमस हार्डविक यांच्यावरून १८२७ मध्ये हे नाव दिले गेले. त्या वेळी त्याला 'युरोमॅस्टिक्स' या वंशात घातले होते आणि २००९ मध्ये तो 'सारा' या वेगळ्या वंशात गेला. जुन्या पुस्तकांत व जुन्या सरकारी कागदांत 'युरोमॅस्टिक्स हार्डविकी' असा उल्लेख आढळला तर तो याच प्राण्याचा आहे, हे तक्रार लिहिताना लक्षात असलेले बरे.

वाळवंटातला प्राणी म्हटले की सरकत्या वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. सांड्याला मात्र भुसभुशीत वाळू चालत नाही. वाळूमिश्रित पण घट्ट बसलेली, सपाट आणि पाणी न साचणारी जमीन तो निवडतो, कारण त्याचे सारे आयुष्य त्याच्या बिळावर अवलंबून असते. एका बिळात सहसा एकच प्रौढ सांडा राहतो, पण बिळे जवळजवळ असल्यामुळे अख्ख्या मैदानावर त्यांची वसाहत पसरलेली दिसते. सकाळी ऊन नीट तापल्याशिवाय तो बाहेर येत नाही. बाहेर आल्यावर प्रथम बिळाच्या तोंडाशीच अंग शेकत पडून राहतो; त्या वेळी त्याचा रंग गडद असतो आणि अंग तापत जाईल तसा तो फिका, वाळूसारखा पिवळसर होत जातो. पोटभर चरून झाले आणि ऊन उतरले की तो बिळात शिरतो आणि आतून मातीने तोंड बंद करून घेतो. थंडीचे महिने तो आतच निपचित काढतो.

'चरून' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. भारतातले इतर बहुतेक सरडे आणि पाली कीटकांवर जगतात; सांडा मात्र प्रामुख्याने गवत, पाने, फुले, शेंगा आणि बिया खातो. पिल्ले आणि काही वेळा प्रौढही किडे-भुंगेरे खातात, पण मुख्य आहार वनस्पतीच. शाकाहारी असल्यामुळे तो कोणाच्या मागे धावत नाही, कोणावर हल्ला करत नाही आणि संकट दिसले की थेट बिळाकडे पळतो. खोकडापासून ससाण्या-गरुडांपर्यंत वाळवंटातले कितीतरी शिकारी त्याच्यावर जगतात. मादी वर्षातून एकदाच अंडी घालते. वसाहतीतून एकाच हंगामात पन्नास प्रौढ सांडे खणून नेले, तर ती पोकळी भरून यायला किती काळ लागेल याचा अंदाज यावरून यावा.

त्याची नेमकी हीच जीवनपद्धती शिकाऱ्याच्या पथ्यावर पडते. बिळे उघड्या मैदानावर असतात, लांबून दिसतात आणि एक सापडले की शेजारी दुसरे सापडतेच. बिळात गेलेला सांडा सुटत नाही, कारण त्याला दुसरे दार नसते. कुदळीने खणून त्याला बाहेर ओढले जाते आणि तो पळून जाऊ नये म्हणून जागच्या जागी त्याच्या पाठीचा कणा निखळवला जातो. मागचे पाय निकामी होतात, पण प्राणी मरत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचे शरीर कमी अन्नावर दीर्घकाळ तग धरते. त्यामुळे अशा अवस्थेत, अन्नपाण्यावाचून, पोत्यात कोंबून त्याला राज्य ओलांडून दूरवर नेता येते. बाजारात पोत्यावर 'शांत' पडलेला सांडा माणसाळलेला असतो असे अनेकांना वाटते. जवळून पाहिले तर त्याच्या बरगड्या भराभर वर-खाली होत असतात, पुढचे पाय जमिनीला रेटा देत असतात आणि मागचा भाग मात्र ओल्या फडक्यासारखा तसाच पडलेला असतो.

ओळख पटवावी कशी

आपल्याकडे 'सरडा' म्हटले की कुंपणावरचा, डोके वर-खाली करणारा, विणीच्या काळात गळा-मान लाल होणारा सरडा डोळ्यांपुढे येतो. सांडा त्याच्याशी कोणत्याच अर्थाने जुळत नाही. खरा गोंधळ होतो तो घोरपडीशी, कारण आकाराने जवळपास येणारा आणि लोकांना नावाने माहीत असलेला आपल्याकडचा दुसरा सरपटणारा प्राणी घोरपडच आहे. विक्रेतेही या गोंधळाचा फायदा घेतात.

फरक ओळखण्यासाठी सर्वप्रथम शेपटी पाहावी. सांड्याची शेपटी जाड, काहीशी चपटी आणि तुलनेने आखूड असते, आणि तिच्यावर काटेरी खवल्यांची कडी एकामागून एक बसवलेली दिसतात. कडेचे काटे अधिक ठळक असतात. एकदा ही शेपटी नीट पाहिली की पुन्हा चूक होत नाही. घोरपडीची शेपटी याउलट लांब, टोकाकडे निमुळती होत जाणारी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी आणि काटे नसलेली असते. दुसरी खूण डोक्याची. सांड्याचे डोके लहान, गोलसर आणि तोंड बोथट असते. मान आखूड आणि गळ्याशी कातडीला सुरकुत्या असतात. घोरपडीचे तोंड लांबट, मान लांब आणि जीभ सापासारखी दुभंगलेली असते, जी ती सतत आत-बाहेर करते. सांड्याची जीभ तशी नसते. अंगाचा आकार पाहिला तर सांडा रुंद, पोटाशी पसरट आणि सैल कातडीचा दिसतो. रंग पिवळसर तपकिरी किंवा मातकट असून त्यावर बारीक काळसर ठिपके किंवा नक्षी असते. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह साधारण ४० ते ४९ सेंटीमीटरपर्यंत लांब असतो, मादी त्याहून थोडी लहान.

समोर असलेला प्राणी सांडा नसून घोरपड आहे असे लक्षात आले, तरी गुन्हा कमी होत नाही. घोरपड तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत (यादीत) आहे. पुढे सांगितलेली सारी कृती घोरपडीलाही तशीच लागू पडते. याच पथाऱ्यांवर 'हत्थाजोडी' नावाची, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी वाळकी वस्तू दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून विकायला ठेवलेली आढळते. ती वनस्पती नसते. ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. घरच्या देव्हाऱ्यात किंवा दुकानाच्या गल्ल्यात भरभराटीसाठी ठेवायला ती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसते, आणि कळल्यावर त्यांचा चेहरा उतरतो, म्हणून हे आवर्जून सांगत राहावे.

तेलाविषयी जे स्पष्ट सांगितले पाहिजे

सांड्याच्या शेपटीच्या बुडाशी आणि पोटाशी चरबीचा साठा असतो. अन्नाच्या तुटवड्याच्या काळासाठी शरीराने केलेली ती तरतूद आहे. विक्रेता प्राण्याला गिऱ्हाइकासमोर चिरतो, ती चरबी छोट्या कढईत वितळवतो आणि बाटलीत भरून देतो. लैंगिक दुर्बलता, गुडघेदुखी, सांधेदुखी, जुनाट कंबरदुखी, लकवा अशा सगळ्यांवर एकच बाटली चालते असे तो सांगतो. हे तेल म्हणजे दुसऱ्या कोणत्याही प्राण्याच्या चरबीसारखी चरबी असते. ती चोळल्यावर जे बरे वाटते ते चोळण्यामुळे आणि उबेमुळे. तोच परिणाम घरातल्या कोमट तिळाच्या किंवा करडईच्या तेलाने मिळतो. लैंगिक दुर्बलतेमागे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा मनावरचा ताण असू शकतो, आणि तेलाच्या भरवशावर घालवलेल्या महिन्यांत मूळ आजार वाढत राहतो. प्राण्याच्या हानीइतकीच मला माणसाची ही हानी गंभीर वाटते. लाजेमुळे डॉक्टरांकडे न जाणारा तरुण शेतमजूर हाच या विक्रेत्याचा ठरलेला गिऱ्हाईक असतो.

घरातील वडीलधाऱ्यांशी बोलताना थेट कायदा काढू नये. 'अण्णा, हे तेल बेकायदा आहे' असे म्हटले की अण्णा ती बाटली कपाटात आणखी आत सरकवतात. त्याऐवजी त्यांच्या गुडघ्याविषयी बोलावे. दुखणे केव्हा वाढते, जिना चढताना की सकाळी उठताना, हे विचारावे, तालुक्याच्या रुग्णालयात सोबत जावे, आणि त्यानंतर बाटलीचा विषय काढावा. उपचार सुरू झाला की बाटलीची गरज आपोआप संपते. बाटली काढून घ्यायची ठरल्यास ती शेजाऱ्याला देऊ नये आणि विकूही नये.

तेलात खरोखर सांड्याची चरबी आहे की नाही, हा प्रश्न बरेच जण उपस्थित करतात. पथारीवर एक-दोन जिवंत सांडे केवळ देखाव्यासाठी ठेवून बाटल्यांमध्ये भलतेच स्वस्त तेल भरलेले असण्याची शक्यता मोठी आहे. पण त्याने फारसा फरक पडत नाही. बाटलीत सांडा असला तर वन्यजीव कायद्याचा भंग होतो, आणि नसला तरी लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ प्रमाणे गुन्हाच आहे. ऑनलाइन दुकानांवर 'सांडा तेल' या नावाने मिळणाऱ्या बाटल्यांबाबतही हाच विचार लावावा आणि त्या संकेतस्थळावरील तक्रारीच्या सोयीचा उपयोग करावा.

कायदा थोडक्यात, पण नेमका

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे सांड्याला संरक्षण आहे. या कायद्यात 'शिकार' या संज्ञेत मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे आणि इजा करणे यांचाही समावेश होतो. प्राणी बाळगणे, त्याची वाहतूक, विक्री, आणि त्याच्यापासून केलेल्या वस्तूंचा व्यवहार हे सारे गुन्हे आहेत. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे; अनुसूचींची रचना तिने बदलली, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांतील अनुसूचीचा क्रमांक तक्रारीत उतरवू नये. तक्रारीत प्राण्याचे नाव आणि घडलेली गोष्ट लिहावी, कलम लावण्याचे काम अधिकाऱ्यांचे आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही हा प्राणी समाविष्ट आहे.

नागरिकाने दोन तरतुदी मात्र पाठच कराव्यात. पहिली अशी की, या कायद्याखाली झडती, जप्ती आणि अटक करण्याचा अधिकार वन अधिकाऱ्यांप्रमाणेच पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यालाही आहे. 'हे वनखात्याचे काम आहे, आमचे नाही' असे उत्तर चौकीवर मिळाले, तर फौजदार साहेबांना बोलावण्याची विनंती नम्रपणे पण ठामपणे करावी. दुसरी तरतूद स्वतःच्या संरक्षणासाठी आहे. वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता मानली जाते आणि असा प्राणी कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. दया येऊन सांडा विकत घेतला आणि घरी नेऊन सांभाळला, तर हेतू चांगला असूनही माणूस गुन्ह्याच्या कक्षेत येतो.

दयेपोटी विकत घेण्याचा विचार अनेक संवेदनशील माणसांच्या मनात येतो, म्हणून येथे थोडे थांबतो. आपण पैसे दिले की विक्रेत्याच्या हिशेबात एक प्राणी खपतो. कापून विकला की जिवंत विकला, याने त्याला काही फरक पडत नाही. पुढच्या खेपेला तो एक जास्त घेऊन येतो. त्यामुळे सुटका पैशाने करू नये, ती जप्तीने व्हावी.

दिसल्यावर काय करावे

पथारीपासून थोडे दूर व्हावे आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये. राग, आश्चर्य किंवा मोबाइल उंचावून केलेले चित्रीकरण यांपैकी काहीही दिसले तर विक्रेता सावध होतो. गर्दीत उभे राहून, नेहमीच्या बघ्यासारखे, दोन-चार छायाचित्रे घ्यावीत: एक जागेचे, ज्यात दुकानाची पाटी किंवा मंदिराची कमान यांसारखी खूण येईल, एक प्राण्यांचे, ज्यात शेपटी स्पष्ट दिसेल, एक बाटल्या, कढई आणि शेगडीचे, आणि जवळ उभे वाहन असल्यास त्याच्या क्रमांकाचे. प्राणी किती आहेत, पोत्यात आणखी काही हलताना दिसते का, सोबत किती माणसे आहेत, हे मनात टिपावे. वेळ आणि ठिकाण लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवावे, कारण जबाब देताना ते विचारले जाते.

त्यानंतर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करावा. सोबतच तालुक्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना थेट कळवावे. मराठवाड्यात जंगल विरळ असल्याने एका परिक्षेत्राखाली गावे पुष्कळ आणि कर्मचारी मोजके असतात, त्यामुळे वनरक्षक पोहोचायला उशीर लागू शकतो. तसा अंदाज आल्यास ११२ वर पोलिसांनाही कळवावे. मोठ्या जत्रेत पोलिसांची तात्पुरती चौकी असते; तिथे प्रत्यक्ष जाऊन सांगणे सर्वांत जलद ठरते. फोनवर लांबण लावू नये. 'अमुक गावच्या आठवडी बाजारात, भाजीबाजाराच्या मागच्या बाजूला, एक माणूस जिवंत सांडे व त्यांचे तेल विकतो आहे, प्राणी चार आहेत, तो साधारण दुपारी तीनपर्यंत निघून जाईल' एवढी माहिती पुरेशी असते. आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती करता येते आणि ती संकोच न करता करावी. जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक किंवा ओळखीचे अनुभवी सर्पमित्र यांचे क्रमांक आधीपासून जवळ असले तर या वेळी फार उपयोग होतो, कारण कोणत्या अधिकाऱ्याला कसे गाठायचे हे त्यांना ठाऊक असते.

व्हॉट्सॲपच्या गावगटात छायाचित्र टाकण्याचा मोह आवरावा. दहा मिनिटांत ते फिरत फिरत विक्रेत्याच्या ओळखीच्या माणसापर्यंत जाते, किंवा उत्साही तरुणांचा घोळका तिथे जमतो, आणि अधिकारी येण्याआधी जागा रिकामी होते. त्याहून गंभीर गोष्ट मारहाणीची आहे. हे तेल विकणाऱ्यांत पोटासाठी गावोगाव फिरणारी, शिक्षण आणि जमीन दोन्हींना पारखी झालेली माणसे असतात. साखळीतला मोठा पैसा त्यांच्या हातात राहत नाही. जमावाने त्यांच्यावर हात उचलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, अन्याय आहे, आणि त्या गोंधळात प्राणी पायदळी येतात, बाटल्या फुटतात आणि माल कोणी पुरवला हे सांगू शकणारा एकमेव माणूस पळून जातो. अधिकाऱ्यांनी त्याची रीतसर चौकशी केली तरच माग राजस्थान-गुजरातपर्यंत लागण्याची शक्यता असते.

प्राणी हाती आलाच तर

विक्रेता पळून गेला आणि पोते तिथेच राहिले, किंवा अधिकाऱ्यांनीच 'आम्ही येईपर्यंत सांभाळा' असे सांगितले, तर पुढील काळजी घ्यावी. सांडा विषारी नाही. घाबरला तर तो काटेरी शेपटीचा फटका मारतो, आणि त्याचा जबडा मजबूत असल्याने चावा दुखतो. म्हणून उघड्या हाताने हाताळू नये, आणि शेपटीला धरून तर कधीच उचलू नये. पाठीला इजा झाली आहे असे गृहीत धरूनच वागावे. जाड सुती कापड त्याच्यावर टाकावे, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन संपूर्ण शरीराला आधार राहील असे उचलावे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. खोक्याला आधीच बाजूंनी भोके पाडलेली असावीत आणि तळाशी कापड अंथरलेले असावे. एका खोक्यात एकच प्राणी ठेवावा. तोंड शिवलेले किंवा पाय दोरीने बांधलेले आढळल्यास स्वतः सोडवू नये. ते पशुवैद्यकाने करावे, आणि पंचनाम्यात त्याची नोंद होणेही महत्त्वाचे असते.

खायला काही घालू नये. तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. खोके शांत जागी, सावलीत ठेवावे. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वाळवंटातला प्राणी म्हणून त्याला आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ठेवून देणे ही मोठी चूक ठरते. स्वतःच्या प्रदेशात तो उन्हाळ्याच्या दुपारी बिळात जाऊन गारवा मिळवतो, खोक्यात तो मार्ग त्याला नसतो. उलट पौष-माघात परभणी-जालन्याकडे रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा खोके अंगणात किंवा ओट्यावर न ठेवता घराच्या आतल्या खोलीत ठेवावे. मांजर, कुत्रा आणि लहान मुले यांना दूर ठेवावे, आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नये.

ही सर्व काळजी घेऊनही एक चूक फार सहज होते, ती म्हणजे प्राण्याला जवळच्या माळावर सोडून देणे. मुक्त केल्याचे समाधान मिळते, पण आपला माळ त्याचा नाही. मराठवाड्याची बहुतेक जमीन बेसाल्ट या काळ्या खडकापासून झालेली आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चिबड होते, तर बरड-मुरमाड माळावर हात-दोन हात खोलीवर कातळ लागतो. खोल, कोरडे, टिकाऊ बीळ यांपैकी कुठेच होत नाही. मराठवाड्यात वर्षाला सरासरी सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरला तो दोनशेच्याही आत राहतो. येथे सोडलेला सांडा पहिल्या मृगातच भिजून, आजारून मरेल, किंवा मागचे पाय निकामी असल्याने त्याआधीच कुत्र्यांच्या तोंडी जाईल. शिवाय परक्या प्रदेशातून आणलेल्या प्राण्यासोबत परके परजीवी आणि रोगही येतात, आणि आपल्या माळावरच्या सरड्यांना, सापसुरळ्यांना, घोरपडींना त्यांची बाधा होऊ शकते. जप्त केलेला प्राणी पुढे कुठे ठेवायचा, उपचार कोणी करायचे आणि मूळ प्रदेशात परत पाठवायचा का, हे न्यायालयाच्या परवानगीने वन विभाग ठरवतो. त्या प्रक्रियेला वेळ लागतो, पण तिला पर्याय नाही.

गावपातळीवर आधीच करून ठेवण्यासारखे

विक्रेता आल्यावर धावपळ करण्यापेक्षा त्याला बसायला जागाच न देणे अधिक परिणामकारक ठरते. आठवडी बाजारात जागेची पावती ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद फाडते आणि जत्रेत ते काम यात्रा समिती करते. त्या पावतीवर किंवा परवानगीच्या अटींत 'कोणताही वन्यप्राणी, त्याचे अवयव, चरबी, तेल, कातडी किंवा हत्थाजोडीसारख्या वस्तू विक्रीस ठेवता येणार नाहीत' असे एक वाक्य छापून घ्यावे. ग्रामसभेत हा ठराव मांडायला पाच मिनिटे लागतात आणि त्याला विरोध होत नाही. जत्रेच्या दिवसांत हरवलेल्या मुलांच्या घोषणा करणाऱ्या ध्वनिक्षेपकावरून हीच सूचना दिवसातून दोन-तीन वेळा द्यावी. पोलीस पाटलांना सांड्याचे आणि घोरपडीचे छायाचित्र दाखवून फरक समजावून ठेवावा, कारण पुढे पंच म्हणून सही बहुधा त्यांनाच करावी लागते.

शाळेत हा विषय घेणाऱ्या शिक्षकांनी सुरुवात सांड्यापासून न करता मुलांच्या शेजारच्या माळापासून करावी असे मी सुचवेन. आपल्या माळावर गळ्याखाली पंख्यासारखी पातळ कातडी फुलवणारा छोटा सरडा आढळतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाच्या सुमारास, नर एखाद्या दगडावर चढून तो पंखा उघडतो-मिटतो आणि पळताना कित्येकदा मागच्या दोन पायांवर धावतो. हे दृश्य मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी, दहा-पंधरा हातांवरून, स्तब्ध बसून पाहिलेले असले की बाजारातल्या पोत्यावर पडलेल्या प्राण्यात त्याला औषध दिसत नाही. खरा सांडा त्याच्या घरी पाहायचा असेल त्याने राजस्थानातील ताल छापर अभयारण्यात किंवा कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात मार्च-एप्रिलमध्ये, ऊन तापल्यानंतरच्या सकाळी जावे. बिळापासून लांब, गाडीत किंवा जमिनीवर निश्चल बसून राहावे, आणि त्याच्या बिळांची नेमकी जागा दाखवणारी छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, कारण ती शिकारीही पाहतात.

तक्रारीनंतरचा पाठपुरावा

जप्ती झाली की आपले काम संपले असे समजू नये. शक्य असल्यास पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे आणि सही करण्यापूर्वी तो संपूर्ण वाचावा. त्यात प्राण्याचे नाव 'सरडा' असे मोघम न लिहिता 'सांडा, काटेरी शेपटीचा' असे स्पष्ट लिहिलेले असावे, जिवंत व मृत प्राण्यांची संख्या वेगळी असावी, आणि बाटल्या, कढई, चाकू, पोती यांची मोजदाद असावी. मोघम नोंद असलेली प्रकरणे न्यायालयात प्राण्याच्या ओळखीवरच अडतात. आपण काढलेली मूळ छायाचित्रे फोनमधून पुसू नयेत. तक्रार लेखी देऊन तिची पोच घ्यावी, गुन्हा क्रमांक विचारून टिपून ठेवावा आणि साधारण पंधरा दिवसांनी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: प्राण्यांवर उपचार कोठे चालू आहेत, आणि माल पुरवणाऱ्यापर्यंत तपास गेला का. उत्तर न मिळाल्यास विभागीय वन कार्यालयाकडे तेच दोन प्रश्न गुन्हा क्रमांकासह लेखी पाठवावेत.